स्वतःचं छोटं पीसी कॅबिनेट डिझाइन करताना लोकांचं मत कसं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही सोलापुरातच राहता, मिनी-आयटीएक्स बोर्डासाठी (म्हणजे छोट्या चौकोनी मदरबोर्डासाठी) दहा लिटरच्या आतलं कॅबिनेट स्वतः आखताय, थ्रीडी चित्र ओळखीच्यांना दाखवलंत तर सगळे "भारी आहे" म्हणाले, आणि आता पुढे काय बदलायचं ते सुचेना. मी या सगळ्यातून गेलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी चित्र दाखवणं थांबवा. चित्र बघून माणूस चांगलंच बोलतो. पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं कॅबिनेट करा, ते समोर ठेवा आणि म्हणा, "तुमचा बोर्ड आणि ग्राफिक्स कार्ड यात बसवून दाखवा." तुम्ही फक्त बघत राहायचं, मधे बोलायचं नाही. प्रोसेसरची आठ पिनांची वायर लावताना बोटं कुठे अडतात, माणूस डबा किती वेळा उलटा करतो, कुठला स्क्रू आत पडतो, हे सगळं वहीत लिहून घ्या. मला सगळ्यात जास्त कामाचं याच बघण्यातून मिळालं.

पुठ्ठा 3 मिमीचा घ्या. झेरॉक्सच्या दुकानात ए-थ्री प्रिंट काढताना "फिट टू पेज" बंद आहे ना ते विचारा, आणि प्रिंट हातात आली की बोर्डाची बाजू पट्टीनं मोजा. ती 170 मिमीच भरली पाहिजे. मागची आयओ शील्डची (बोर्डाच्या मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याची) खाच 158.75 × 44.45 मिमी आणि एसएफएक्स एसएमपीएस (वीज पुरवणारा छोट्या मापाचा डबा) 125 × 100 × 63.5 मिमी, ही मापं ठरलेली आहेत, त्यांची काळजी नाही. घोळ होतो तो वायरींचा. ग्राफिक्स कार्डाची लांबी-रुंदी कंपनी देते, पण त्याच्या डोक्यावर लागणारी पॉवरची वायर किती जागा घेऊन वळते ते कुठल्याच चित्रात नसतं. नव्या कार्डांची ती बारीक पिनांची वायर तर प्लगच्या तोंडाशीच वाकवायची नसते, तीन-साडेतीन सेंटीमीटर सरळ जाऊ द्यावी लागते. म्हणून पुठ्ठ्याच्या मॉडेलमध्ये खऱ्या वायरी लावूनच बघा.

आता मागण्या. प्रत्येक जण काहीतरी वाढवून मागणारच. मी त्यावर एकच उपाय केला: प्रत्येक मागणीची किंमत लिटरमध्ये काढून त्याच माणसाला सांगायची. समजा तुमचं कॅबिनेट 320 × 130 × 200 मिमी आहे, म्हणजे 8.3 लिटर. कुणी म्हणालं, खाली 25 मिमी जाडीचा एक फॅन हवाच, तर उंची 225 होते आणि आकार जातो 9.4 लिटरवर. एका फॅनपायी एक लिटर! हा आकडा ऐकला की निम्मे लोक स्वतःच म्हणतात, "मग 15 मिमीचा बारीक चालेल की." जे तरी हटत नाहीत, त्यांची गरज खरी समजा आणि तिचा विचार करा.

काय सोडायचं नाही, हे मात्र लोकांना विचारायच्या आधी ठरवून ठेवा. एनकेस एम1 आणि डॅन ए4 ही दोन्ही कॅबिनेटं हौशी माणसांनी आखली, वापरणाऱ्यांच्या सूचना घेत सुधारली आणि लोकांकडून आगाऊ पैसे उभे करून लियान ली या कॅबिनेट बनवणाऱ्या कंपनीकडून बनवून घेतली, पहिलं 2013 च्या मोहिमेतून, दुसरं 2016 च्या. एनकेस साडेबारा लिटरच्या आसपास राहिलं, कारण त्यात प्रोसेसरच्या मोठ्या कूलरला जागा हवी होती. डॅननं कूलरची उंची 48 मिमीवर बांधून टाकली, म्हणून ते 7.2 लिटरमध्ये बसलं. दोन्ही लोकांना आवडली, कारण दोघांनीही एक गोष्ट घट्ट धरली होती.

आपल्याकडे दोन गोष्टी बाहेरच्या डिझाइनवाल्यांच्या डोक्यात नसतात: ऊन आणि तूस, म्हणजे सुताचे उडणारे बारीक तंतू.

उन्हाचा हिशेब सोपा आहे. परदेशातल्या चाचण्या बावीस-तेवीस अंशांच्या खोलीत होतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा बेचाळीसच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीत दुपारी अडतीस सहज असतात. तिथे 75 अंश दाखवणारा प्रोसेसर इथे नव्वदीत जाणार, कारण खोलीचा फरक जवळपास जसाच्या तसा वर चढतो. त्यामुळे 65 वॅटच्या प्रोसेसरवरच डिझाइन बांधा आणि चाचणी मे महिन्यात दुपारी, एसी बंद ठेवून घ्या. जानेवारीत आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या थंडीत घेतलेल्या चाचणीवर विसंबू नका.

तुसाचं मला टॉवेल कारखान्यात डिझाइनचं काम करणाऱ्या एका काकांनी दाखवलं. त्यांच्या ऑफिसच्या भिंतीपलीकडे यंत्रमाग चालतात. त्यांनी जुन्या कॅबिनेटचा पंखा काढून दिला, तर हीटसिंकवर सुताचा अख्खा थर जमलेला, नखानं धरून ओढला तर कापडासारखा एका तुकड्यात निघाला. ते पुढे म्हणाले, "आणि वरून आम्ही टॉवेल टाकतो, धूळ नको म्हणून. सकाळी काढायचं राहतं कधी." माझ्या डिझाइनमध्ये सगळी गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर पडत होती. मी त्या दिवशी बाजूनंही वाट ठेवली आणि फिल्टर चुंबकाच्या पट्टीवर घेतला, म्हणजे स्क्रूड्रायव्हरशिवाय निघतो, झटकून परत लागतो. शहराच्या पूर्व भागातल्या, यंत्रमागांच्या वस्तीतल्या कुणाला मॉडेल दाखवणार असाल तर हेच आधी विचारा: यावर काय ठेवणार, आणि साफ कोण करणार?

जाळीबद्दल एक आकडा लक्षात ठेवा. 4 मिमीची गोल भोकं एकाआड एक ओळीत, एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 5 मिमी अंतरानं मारली तर सुमारे 58 टक्के जागा उघडी राहते. 3 मिमीची भोकं 4 मिमीवर मारली तर 51 टक्के. पण लेझरवाला प्रत्येक भोकाचे पैसे धरतो, शेकडो भोकांत बिल वाढतं. लांबट खाचा केल्या तर हवा तेवढीच, कटिंग कमी.

सगळ्यात मोलाचं मत मात्र कॉम्प्युटर न वापरणाऱ्या माणसाचं असतं: बेंडिंगवाल्याचं, म्हणजे पत्रा मशीनवर मोडणाऱ्याचं. ड्रॉइंग पक्कं करायच्या आधी अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुठल्याही शीट मेटलच्या गाळ्यात जा आणि त्यांच्या मशीनसमोर उभे राहून दाखवा. माझं ड्रॉइंग बघून तिथल्या मिस्त्रींनी आधी घडीवर बोट ठेवलं: "तीन बाजू मोडल्या की चौथीला पंच (मशीनचा वरून दाबणारा दांडा) आत कसा जाणार?" त्यांनीच सुचवलं की यू आकाराचा सांगाडा एका पत्र्यात मोडा आणि उरलेल्या बाजू वेगळ्या स्क्रूनं लावा. भोक घडीच्या फार जवळ असेल तर ते लांबट होतं, हेही त्यांनी एक तुकडा मोडून दाखवलं. ॲल्युमिनियम घेणार असाल तर 5052 जातीचं मागा, 6061-टी6 जातीचं घडीवर तडकतं. पहिल्या नगाला मी 1 मिमीची सीआर शीटच (कोल्ड रोल्ड लोखंडी पत्रा) सुचवेन, स्वस्त आहे आणि चूक झाली तर जीव जळत नाही.

पावडर कोटिंगला देताना बोर्डाच्या स्टँडऑफच्या (बोर्ड ज्यांवर टेकतो त्या छोट्या खुंट्यांच्या) आणि एसएमपीएसच्या स्क्रूंच्या जागा टेपनं झाकायला सांगा. कोटिंगमधून वीज जात नाही, आणि सांगाड्याला अर्थिंग मिळालंच पाहिजे. कोटिंगची जाडीही धरा, घट्ट बसणाऱ्या खाचा नंतर अडकतात.

कार्ड मधल्या भिंतीपलीकडे ठेवणार असाल तर रायझर, म्हणजे कार्ड बोर्डाच्या स्लॉटला जोडणारी चपटी वायर, लागेल. तो पीसीआय-एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा आणि बोर्ड चौथ्या पिढीचा असेल तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) स्लॉट जेन 3 वर, म्हणजे तिसऱ्या पिढीवर टाका, नाहीतर कधीकधी स्क्रीनच येत नाही आणि लोक तुमच्या कॅबिनेटला दोष देतात.

तुमच्या कार्डाची लांबी आणि कूलरची उंची कळवलीत तर मधल्या भिंतीचं माप मी काढून देईन. मॉडेल तयार झालं की तेही दाखवा, मी माझा बोर्ड घेऊन येतो.