भर उन्हात ड्रोन, हातात टॅबलेट : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तासगाव भागात द्राक्षबागांचं आणि लग्नांचं ड्रोन शूटिंग करतो. ड्रोन डीजेआय मिनी 2 आहे. दुपारी मोबाइलवर निम्मं काही दिसत नाही, म्हणून आठ इंची टॅबलेट घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, 'कुठलाही घ्या, ब्राइटनेस फुल्ल केला की झालं.' तसं असतं का?
(एक वाचक, तासगाव)

उत्तर : नसतं. मोठ्या स्क्रीनवर अक्षरं आणि नकाशा मोठा दिसतो, पण आकार वाढला म्हणून उजेड वाढत नाही. उलट बरेच टॅबलेट चांगल्या मोबाइलपेक्षा मंद असतात. आयपॅड मिनीसुद्धा 500 निट्सचाच (निट्स म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) आहे, आणि स्वस्तातले अँड्रॉइड टॅबलेट त्याहून खाली असतात. उघड्यावर कामाला किमान 600-700 निट्स हवेत, 1000 मिळाले तर उत्तम. मात्र डब्यावर 'पीक' (peak, म्हणजे कमाल) म्हणून छापलेल्या आकड्यावर जाऊ नका. तो बहुधा स्क्रीनच्या लहानशा भागापुरता आणि एचडीआर (उजेड-सावलीतला फरक जास्त दाखवणाऱ्या) व्हिडिओपुरता असतो. पूर्ण स्क्रीनचा आकडा विचारा.

खरा त्रास मात्र प्रतिबिंबाचा असतो. भर दुपारी उन्हातल्या पांढऱ्या शर्टाचा उजळपणा 15-20 हजार निट्सपर्यंत जातो. साधी काच त्यातला सुमारे चार टक्के उजेड परत फेकते, म्हणजे 600-800 निट्सचा पांढरा पडदा चित्रावर चढतो. 500 निट्सचं चित्र त्यापुढे टिकणार कसं? म्हणून शूटिंगला काळा किंवा गडद निळा शर्ट घाला. फुकटातला याहून चांगला उपाय नाही. लग्नाला पांढरा झब्बा घालून ड्रोन उडवणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

काच आणि पॅनेल चिकटवलेलं, म्हणजे लॅमिनेटेड, आहे का हेही बघा. साध्या आयपॅडमध्ये काच आणि पॅनेलमध्ये हवेची फट असते, त्यामुळे उजेड दोन-तीन पृष्ठभागांवरून परततो. आयपॅड मिनी आणि एअर लॅमिनेटेड आहेत, वर अँटी-रिफ्लेक्टिव्ह (प्रतिबिंब कमी करणारा) थर आहे, आणि त्यांचं प्रतिबिंब दोन टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे निट्स तेवढेच असले तरी उन्हात मिनी सरस ठरतो. त्यावर साधी टफन काच चिकटवलीत तर थरासाठी मोजलेले पैसे वाया गेले.

घेण्याआधी टॅबलेट दुकानाच्या पायरीवर आणा. पांढरं पान लावून बघू नका, ते कुठल्याही स्क्रीनवर दिसतं. कस लागतो तो काळपट भागात. मांडवाखालच्या सावलीतल्या वेलींचा फोटो लावा आणि पानं वेगवेगळी ओळखू येतात का ते पाहा. त्या जागी तुमचाच चेहरा दिसत असेल तर तो टॅबलेट परत द्या.

आणि एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, स्क्रीन बघून ठरवू नका. उन्हात चित्र अंधारं वाटतं, आपण उजेड वाढवतो आणि घरी येऊन बघावं तर आभाळ पांढरंफटक. ड्रोन उडवायच्या डीजेआय फ्लाय ॲपच्या कॅमेरा सेटिंगमध्ये हिस्टोग्राम (चित्रातल्या उजेड-अंधाराचा आलेख) आणि ओव्हरएक्स्पोजर वॉर्निंग (उजेड जास्त झाल्याचा इशारा) चालू ठेवा.

प्रश्न : डीजेआयच्या, मोबाइल अडकवून वापरायच्या आरसी-एन1 कंट्रोलरवर टॅबलेट बसतो का? आयपॅड वायफायवाला घ्यावा की सिमवाला?
(एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : सरळ बसत नाही. त्या कंट्रोलरचा होल्डर 180 मिमी लांब, 86 मिमी रुंद आणि 10 मिमी जाड मोबाइलपर्यंतच पकडतो. आयपॅड मिनी जवळपास 195 × 135 मिमीचा. वेगळा टॅबलेट होल्डर घ्यावा लागेल, पण तो निवडताना एक गोष्ट सांभाळा : आरसी-एन1चे अँटेना त्या वर ओढायच्या होल्डरमध्येच आहेत. टॅबलेटची धातूची पाठ त्यांच्या आणि ड्रोनच्या मध्ये आली की सिग्नल पडतो. टॅबलेट अँटेनाच्या मागे, तुमच्या बाजूला राहील असाच होल्डर घ्या. आयपॅड मिनीचं वजन 300 ग्रॅमच्या आसपास आहे, गळ्यात पट्टा अडकवला की भागतं. अकरा इंचीने तासाभरात मनगटं धरतात.

वायफायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतो. उड्डाणाला आणि घरी परतायच्या बिंदूला तो लागत नाही, ते काम ड्रोनचा स्वतःचा जीपीएस करतो. नकाशावर तुमची जागा अचूक दिसायला मात्र सिमवाला हवा. अँड्रॉइड घेतलात तर डीजेआय फ्लाय प्ले स्टोअरवर शोधू नका, कंपनीच्या साइटवरून उतरवून घ्यावं लागतं. केबल डेटाची लागते. नुसत्या चार्जिंगच्या केबलने कंट्रोलर ओळखलाच जात नाही, आणि दोष मात्र टॅबलेटला लागतो.

स्क्रीन आतच असलेले डीजेआय आरसी आणि आरसी 2 हे 5.5 इंची, 700 निट्सचे कंट्रोलर सोयीचे आहेत, पण ते सगळ्या ड्रोनशी जुळत नाहीत. मिनी 2 ला आरसी चालत नाही.

प्रश्न : स्क्रीनवर सावली धरणारं हूड लावलं तर स्क्रीन आणखीच मंद होते. एप्रिलमध्ये टॅबलेट तापून आपोआप अंधारतो. दोन्हींवर उपाय?
(एक वाचिका, सांगली)

उत्तर : हूडच्या सावलीत उजेडाचा सेन्सर झाकला जातो, टॅबलेटला संध्याकाळ झाली असं वाटतं. हूड लावताना ऑटो-ब्राइटनेस बंद करून पट्टी हाताने शेवटपर्यंत न्या. आयपॅडवर हा पर्याय 'डिस्प्ले'मध्ये नाही, 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये आहे. हूड नसेल तेव्हा मात्र उलट : कित्येक अँड्रॉइड मोबाइल आणि टॅबलेट ऑटो चालू असेल तरच जास्तीचा उजेड सोडतात. हूड आतून काळं, मॅट हवं.

तापण्याचं म्हणाल तर ॲपलने आयपॅड वापरायला 35 अंशांची मर्यादा सांगितली आहे आणि सांगलीचा एप्रिल त्याच्या वर असतो. तापला की टॅबलेट आधी उजेड कमी करतो, मग बंद पडतो. जाड कव्हर काढा, मोबाइल डेटा आणि मागे चाललेली ॲप बंद करा, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, दोन उड्डाणांच्या मध्ये झाडाखाली पालथा ठेवा. बर्फाच्या पिशवीवर ठेवू नका, आत दव धरतं. शक्य असेल तर नऊच्या आत किंवा पाचनंतर उडवा. सावल्याही तेव्हाच छान मिळतात.

प्रश्न : गॉगल लावला की स्क्रीन काळी का पडते?
(एक वाचक, वाई)

उत्तर : गॉगल पोलराइज्ड आहे, म्हणजे तो एकाच दिशेने कंप पावणारा उजेड आत सोडतो, आणि स्क्रीनचा उजेडही तसाच एका दिशेचा असतो. टॅबलेट आडवा-उभा फिरवून बघा, एका बाजूने दिसेल. ड्रोन उडवताना आडवाच धरायचा असतो, म्हणून साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल घ्या.