‘मी दारात पाऊल टाकलं की तो सुरू होतो’

“दिवसभर अगदी शहाण्यासारखा असतो म्हणे. मी दारात पाऊल टाकलं की सुरू.”

ठाण्यात नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एका शनिवारी दुपारी समोर बसलेली आई असं म्हणाली. हे वाक्य मी खूप आयांकडून ऐकलं आहे, शब्द थोडेफार बदलतात इतकंच. कुणी सांगते, पाळणाघरात एक तक्रार नाही. कुणी सांगते, आजोबांजवळ दोन तास गुपचूप खेळतो, मला बघितलं की फतकल मारतो. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो, माझ्याशीच असं का? माझंच काही चुकतंय का? म्हणून या घराची गोष्ट त्या आईला विचारून इथे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला घरचे म्हणतात तसं छोटूच म्हणते.

छोटू तेव्हा दोन वर्षं आठ महिन्यांचा होता. घर कासारवडवलीला, घरात आई, बाबा, छोटू आणि आजी. बाबांची नोकरी ऐरोलीला, शिफ्टची. आई फोर्टमधल्या एका ऑफिसात. बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा संपली, जोडून घेतलेली रजाही संपली, तेव्हा सासूबाई सातारा जिल्ह्यातलं आपलं घर बंद करून नातवासाठी ठाण्याला आल्या. “आई नसत्या तर माझी नोकरी टिकली नसती,” असं ती पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाली. मग थोडं थांबून, “पण त्या रोज एक वाक्य म्हणतात. माझ्याजवळ नाही गं बाई असा करत.”

आजी ते कौतुकाने म्हणत असतील, नातवाची बाजू घेऊन म्हणत असतील. दीड-दोन तासांचा प्रवास करून आलेल्या सुनेच्या कानावर मात्र ते निकालासारखं पडत होतं. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून जलद लोकल तासाभरात ठाण्याला आणून सोडते. पुढचे दहा-अकरा किलोमीटर घोडबंदर रोडचे. तेव्हा मेट्रोच्या कामाने रस्ता अर्धा झालेला होता आणि बसमध्ये उभ्याने कधी पाऊण तास, कधी सव्वा तास. त्या सव्वा तासात ती मुलासाठी मनात काय काय ठरवायची. आज गोष्ट सांगायची, आज ओरडायचं नाही.

मी म्हटलं, कालचंच सांगा. काय झालं, अगदी बारीकसारीक.

काल ती पावणेआठला पोचली. हातपाय धुतले, छोटूला भरवायला बसली. पोळीचा तुकडा मोडला आणि आमटीत बुडवला. छोटूने तो तुकडा बघितला, ताटातली पोळी बघितली आणि ओठ काढला. “पोळी जोड.” तिला आधी कळलंच नाही. “जोड! पोळी जोड!” तिने दुसरी पोळी दिली. नको. तीच. तिने तुकडा परत पोळीला लावून दाखवला, तो ओला होऊन लोंबला. मग छोटू जमिनीवर आडवा. ताट उलटं, आमटी फरशीवर, आणि वीस मिनिटं एकच, पोळी जोड. स्वयंपाकघरातून आजींचा आवाज आला, “अगं, मी अख्खीच देते त्याला.”

“मला कसं माहीत असणार, मॅडम?” ती म्हणाली. “मी घरी नसतेच ना.” आणि रडायला लागली.

पहिल्या भेटीत मी तिला जे सांगितलं ते बहुतेक समुपदेशक सांगतील. अडीच-तीन वर्षांच्या मुलाला खूप काही हवं असतं आणि सांगायला शब्द तुटपुंजे असतात. भावनेला आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग अजून कच्चा असतो, तो पक्का व्हायला पुढची कितीतरी वर्षं जातात. दिवसभर आई डोळ्यांआड असताना मूल स्वतःला धरून ठेवतं. जिच्यापाशी सुटलं तरी चालेल अशी खात्री असते ती समोर आली की धरलेलं सगळं सुटतं. ते रडणं तुमच्या विरुद्ध नाही, तुमच्या भरवशावर आहे. तिने मान डोलावली. थोडं बरंही वाटलं असावं. पण मला ते पुरेसं वाटलं नाही. रोज त्याच वेळी, रोज इतकं, म्हणजे घराच्या दिनक्रमातलं काहीतरी माझ्या नजरेतून निसटत होतं. नुसता दिलासा देऊन आईला परत पाठवणं मला पटत नाही. संध्याकाळी पावणेआठला तिला त्याच घरात जायचं असतं.

म्हणून आठवडाभराची वही लिहायला सांगितली. हट्ट किती वाजता झाला, किती वेळ चालला, त्याच्याआधीच्या तासात काय चाललं होतं, दुपारी किती झोपला, शेवटचं कधी खाल्लं. आधीच्या तासाचं आजींना विचारून लिहायचं, आणि विचारताना जाब विचारल्यासारखं नको. हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं.

पुढच्या शनिवारी वही आली. सात दिवसांत हट्टाचे आठ प्रसंग, त्यातले सहा साडेसात ते साडेआठच्या दरम्यान. दुपारची झोप तीन दिवस नव्हतीच, कारण दुपारी झोपला तर रात्री अकरा वाजवतो, म्हणून आजी त्याला जागं ठेवायच्या. रात्रीची झोप जेमतेम नऊ तास. या वयाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. चार वाजताच्या दूध-बिस्किटानंतर थेट रात्रीचं जेवण. म्हणजे आई घरात यायची तेव्हा मूल पेंगुळलेलं आणि भुकेलेलं.

पण मी थबकले ते एका वेगळ्याच ओळीवर. सातही दिवशी आधीच्या तासाच्या रकान्यात एकच नोंद होती, मोबाईल. सहा वाजता आजी कणीक मळायला घ्यायच्या आणि छोटूच्या हातात फोन द्यायच्या. सुनेला फोन आवडत नाही हे आजींना माहीत होतं. त्यामुळे बेल वाजली की त्या घाईने म्हणायच्या, “आई आली! दे बघू तो, आई ओरडेल.”

मी ती ओळ तिला वाचून दाखवली आणि विचारलं, “छोटूच्या लेखी दाराची बेल म्हणजे काय?”

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “फोन गेला.”

दिवसभर ज्या बेलची वाट पाहायची, तीच बेल रोज हातातली सगळ्यात गोड वस्तू काढून घेते. अडीच वर्षांच्या जिवाने याचं काय करायचं? पोळी हे निमित्त होतं. पोळी नसती तर चप्पल असती, लिफ्टचं बटण असतं.

तिसऱ्या भेटीला मी आजींनाही बोलावलं. त्या नऊवारी नेसून, गुडघ्याला पट्टा बांधून आल्या आणि बसता बसताच म्हणाल्या, “माझंच चुकलं असं सांगणार असाल तर आधीच सांगते, मॅडम, मला दुसरं काही सुचत नाही. गॅसपाशी येतो तो.” यात मला जराही आडमुठेपणा दिसला नाही. पासष्ट वर्षांची, गुडघेदुखी असलेली बाई सकाळी साडेआठपासून एका पळत्या पोरामागे अकरा तास एकटी असते. गावाकडे त्यांनी स्वतःची मुलं वाढवली तेव्हा अंगणात पाच-सहा मांड्या होत्या, एकीवरून उठलं की मूल दुसरीवर. इथे चौदाव्या मजल्यावर दार बंद केलं की त्या आणि तो. मी त्यांना म्हटलं, “तुमच्या जागी मी असते तर मीही फोन दिला असता.” मनापासूनच म्हटलं. त्यानंतर त्या मोकळ्या झाल्या. “ती आली की मला वाटतं, आता ही मला बोलणार. म्हणून मी आधीच बोलून टाकते,” असं त्याच म्हणाल्या. सून त्यांच्याकडे बघत राहिली. “आई, मला वाटायचं तुम्ही मला बोलताय.”

मग आम्ही तिघींनी संध्याकाळ नव्याने बसवली. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी स्क्रीन दिवसाला तासाच्या आत ठेवायला सांगते, तेही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. पण फोन एकदम बंद करा असं मी सांगितलं नाही. आजींचं काम कुणी केलं असतं? फोन साडेसहाला अर्धा तास, आणि सातला आजींनीच बंद करायचा, आई यायच्या बऱ्याच आधी. “आई ओरडेल” हे शब्द घरातून हद्दपार. सातला छोटूने स्वयंपाकघराच्या दाराशी बसायचं, समोर परात, परातीत मटाराच्या शेंगा किंवा निवडायची मेथी. निम्मी मेथी वाया जाते, जाऊ दे. साडेसहाला पोटात काहीतरी, केळं, लाडू, घावन. दुपारी एक ते अडीच झोप, मग उठवायचंच.

आईने घरात आल्यावर पर्स ठेवायची, हात धुवायचे आणि दाराजवळच्या चटईवर दहा मिनिटं बसायचं. आंघोळ नंतर, मेसेज नंतर, “जेवला का” हेही नंतर. छोटू जवळ आला तर ठीक, नाही आला तरी बसायचं. बाबांची शिफ्ट पाहून सकाळचं दूध, शी-शू, कपडे त्यांच्याकडे दिले. बाबा चौथ्या भेटीला आले तेव्हा म्हणाले, “मी मदत करतोच हिला.” मी त्यांना हा ‘मदत’ शब्द महिनाभर बाजूला ठेवून बघायला सांगितलं. मूल त्यांचंही आहे, आणि त्यांना ते मनापासून हवं होतं. सकाळी काय करायचं असतं ते त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

आता जे तिने पाचव्या भेटीत, निघायची वेळ झाल्यावर सांगितलं ते. माझ्याकडे येण्याचं खरं कारण बहुधा तेच होतं. “मी त्याला मारलंय. एकदा. गालावर. घरात कुणाला माहीत नाही.” पोळीच्या प्रसंगाच्या आधीच्या महिन्यातली गोष्ट. छोटू गप्प झाला होता आणि तिच्याच कुशीत शिरला होता, हे तिला सहन होत नव्हतं.

मी “होतं असं, सोडून द्या” म्हटलं नाही. मारणं चूकच, आणि ते तिलाही ठाऊक होतं. तिला मी दोन गोष्टी सांगितल्या. डॉनल्ड विनिकॉट हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. हजारो आया आणि बाळं पाहून त्यांनी ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना मांडली. जिचं कधीच काही चुकत नाही अशी आई मुलाला लागत नाही, मूल जसजसं मोठं होतं तसतसं ते तिचं थोडंथोडं उणेपण पचवतं. दुसरी गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांच्या १९७० च्या दशकातल्या प्रयोगाची. खेळता खेळता आई दोन-तीन मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते. बाळ हसतं, हात करतं, ओरडतं, शेवटी मान फिरवतं. मग आई पुन्हा आईसारखी होते आणि बाळ हळूहळू तिच्याकडे वळतं. तुटतं सगळ्याच घरांत, जोडायला कोण पुढे होतं ते महत्त्वाचं, आणि या वयात ते मोठ्याच माणसाने व्हायचं असतं.

“दोन महिन्यांनी माफी मागून त्याला काय कळणार?” तिने विचारलं. त्या चापटीचं कदाचित नाही कळणार. पण पुढच्या वेळी आवाज चढला की त्याच दिवशी, तो शांत झाल्यावर, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसून तीन वाक्यं बोलायची: आई जोरात ओरडली. तू घाबरलास. ते आईचं चुकलं. पुढे “पण तूसुद्धा” जोडायचं नाही, चॉकलेट द्यायचं नाही. आणि हात उचलावासा वाटला तर मूल सुरक्षित जागी आहे ना बघून, आजींना सांगून, दुसऱ्या खोलीत जायचं.

“तुम्ही कुठे रडता?” मी विचारलं. “बाथरूममध्ये. नळ सोडून.”

हे उत्तरही मी फार आयांकडून ऐकते. तिची झोप, भूक, कामातलं लक्ष मी नीट विचारून घेतलं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशातच रस वाटेना, स्वतःला किंवा मुलाला इजा करण्याचा विचार मनात आला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे लगेच जायचं असतं. रात्री-अपरात्री बोलायचं झालं तर सरकारच्या टेली मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तो तिला लिहून दिला. वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. मूल अडीच वर्षांचं होऊनही दोन शब्द जोडून बोलत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, किंवा हट्टात स्वतःला जखमा करून घेत असेल, तर ‘वयच तसं आहे’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. छोटूत यातलं काही नव्हतं.

पहिल्या पंधरा दिवसांत हट्ट थोडे वाढलेच. फोन लवकर जायचा तेव्हा तो परात उलटी करायचा. तिसऱ्या आठवड्यापासून वहीतल्या संध्याकाळच्या नोंदी कमी झाल्या, सहाच्या तीन, मग दोन. त्याखाली कधी गेल्या नाहीत, आणि तशी अपेक्षाही मी दिली नव्हती.

शेवटच्या भेटीत तिने एका गुरुवारचं सांगितलं. गाड्या उशिराने धावत होत्या, घरी पोचायला साडेआठ वाजले. छोटू तिला बघून दाराशीच आडवा पडला. ती पर्स खांद्यावर असतानाच चटईवर त्याच्या शेजारी बसली. काही बोलावं इतकी ताकद नव्हती, तिलाही रडू आलं आणि तिने ते थांबवलं नाही. आजींनी गॅस बंद केला, गुडघा सांभाळत बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. एक हात नातवाच्या पाठीवर, एक सुनेच्या. थोड्या वेळाने छोटू उठून बसला, आईचा गाल ओला आहे का ते बोटाने बघितलं आणि आजीला म्हणाला, “आईला पोळी दे. अख्खी.”