हॅम रेडिओ शिकू पाहणाऱ्या शाळेतल्या मुलांना सुरुवातीला कोणता सेट घ्यायला सांगावा?

सर, तुम्ही लिहिलंय की अंबाजोगाईला तुमच्या शाळेत आठवी-नववीची दहा-बारा लेकरं हॅम रेडिओ (परवाना काढून छंद म्हणून वायरलेसवर बोलणं) शिकायला तयार आहेत, वर्गणीचे पंधरा हजार जमलेत, आणि कुणीतरी सल्ला दिलाय की तेवढ्यात चार-पाच चायनीज हँडी (हातात धरायचे वायरलेस सेट) येतील, घेऊन टाका. घेऊ नका. एकही घेऊ नका.

हँडी म्हणजे व्हीएचएफ, सरळ रेषेत जाणाऱ्या आखूड लहरी. नजर पोचते तेवढीच तिची धाव. पुण्या-मुंबईकडं रिपीटर (आवाज उचलून पुढं पाठवणारी यंत्रं) आहेत, बोलायला माणसं आहेत, त्यांना हँडी शोभते. आपल्याकडं १४४ मेगाहर्ट्झवर ‘सीक्यू’ (कुणी आहे का) म्हणून घसा कोरडा केला तरी ऐकायला बालाघाटचा डोंगर. लेकरं मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकाशी बोलतील, जे ओरडूनही जमतं, अन् चौथ्या दिवशी हँडी कपाटात. शिवाय परवाना हातात नसताना बटण दाबणं हा गुन्हा आहे, तो लेकरांच्या गळ्यात कशाला?

आता हे एवढं तावातावानं का लिहितोय ते सांगतो. उदगीरला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. माझा कॉलसाइन (परवान्यावरचं ओळखनाव) व्हीयू थ्रीनं सुरू होतो, व्हीयू टूनं नाही. म्हणजे मी रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा, मोर्सची (टिंब-रेघांच्या संकेतभाषेची) परीक्षा न देता आलेला. ह्या एका आकड्यावरून आमच्या अप्पांचं अन् माझं दहा वर्षं भांडण चालू आहे. अप्पा माझे गुरू, सैन्यात सिग्नलला (संदेशवहनाला) होते. मला सोल्डरिंगपासून सगळं त्यांनीच शिकवलं, आणि आजही चारचौघांत ते माझी ओळख ‘हे आमचे रिस्ट्रिक्टेड’ अशी करून देतात. लोक हसतात. मीही हसतो. काय करणार?

तर तीनेक वर्षांपूर्वी देवणीच्या रस्त्यावरच्या एका शाळेनं आम्हाला प्रात्यक्षिकाला बोलावलं. डिसेंबर होता. अप्पांनी भाषण सुरू केलं, ‘३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं.’ दर वेळी ते तिथूनच सुरू करतात. किल्लारी झाली तेव्हा हॅम मंडळींची पथकं भूकंपाच्या भागात गेली होती, हे खरंच आहे, आणि त्याचा मलाही अभिमान आहे. मी तेव्हा बारा वर्षांचा, औसा तालुक्यातला. रात्री गणपती बोळवून झोपलो होतो. त्यानंतर कितीतरी दिवस आम्ही अंगणातच झोपलो, आई उशाला पाण्याचा तांब्या उलटा ठेवायची, हादरा बसला की वाजावा म्हणून. पण समोर बसलेल्या लेकरांनी किल्लारी आजीकडून, शिक्षकांकडून, दर वर्षीच्या पेपरातून ऐकलेली. ती मान खाली घालून गुमान बसली. भाषण एक तास दहा मिनिटं चाललं. भूकंप, मग गुजरातचा भूकंप, मग २००४ची त्सुनामी अन् अंदमानातले हॅम. मागच्या रांगेतलं एक पोरगं बुटाची लेस सोडून परत बांधत होतं. मी मोजलं, अकरा वेळा.

आपत्तीच्या नावावर मुलांना ह्या छंदात ओढू नका, हे माझं स्पष्ट मत आहे. तेरा वर्षांचं लेकरू कधीतरी येणाऱ्या भूकंपाची तयारी म्हणून काही शिकत नसतं. ते गंमत म्हणून शिकतं. गंमत लागली तर भूकंपात उपयोगी पडेल इतकं आपोआप तयार होतं.

मी मागच्या दारानं पाच पोरं अन् दोन पोरी घेऊन बाहेर पडलो. मैदानात चिंचेचं झाड होतं. चाळीस मीटर लांबीच्या लहरींसाठीचा डायपोल (तारेचा साधा अँटेना) उलट्या ‘व्ही’सारखा टांगायचा, म्हणजे मधला भाग झाडावर अन् दोन हात दोन बाजूंना खाली. दोरी फांदीवरून टाकायला मी गोफण नेली होती, आमच्या वडिलांची, ज्वारी राखायची. दगडाला सुतळी बांधायची आणि उरलेली सुतळी घमेल्यात सैल गोल गोल ठेवायची. हातात धरली तर गुंतते अन् दगड परत आपल्याकडंच येतो, हे अनुभवाचे बोल आहेत. पहिला दगड मी मारला. सुतळी तुटली, आणि दगड थेट मुख्याध्यापकांच्या खोलीच्या पत्र्यावर. आत अप्पा त्सुनामीवर आले होते. जो आवाज झाला म्हणता! पोरं मैदानात लोळून हसली. दुसरा दगड एका पोरीनं मारला. तिचा बाप शेतावर राखणीला असायचा, तिला गोफण माझ्यापेक्षा चांगली येत होती. दगड बरोबर दोन फांद्यांच्या बेचक्यातून पलीकडं.

तार मोटारीच्या वाइंडिंगची. १४३ला ७.१ मेगाहर्ट्झनं भागा, २० मीटर आणि वर १४ सेंटिमीटर येतात. त्याचे दोन सारखे हात करा. थोडी जास्तच ठेवा, कापता येते, वाढवता येत नाही. (मऊ तांबं वाऱ्यानं ताणतं आणि महिन्याभरात एसडब्ल्यूआर, म्हणजे तार सेटशी किती जुळते त्याचं माप, सरकतो, तेवढं बघत चला.) तारेपासून खाली सेटपर्यंत यायला कोएक्स (जाळीची केबल) म्हणून डिश टीव्हीची पडून असलेली केबल चालते. ती ७५ ओहमची, डायपोलला जवळपास तेवढंच लागतं. फक्त तिची जाळी ॲल्युमिनियमची असते अन् सोल्डर धरत नाही, म्हणून स्क्रूच्या पट्टीत आवळायची.

सेट गाडीच्या बॅटरीवर लावला. चालू केला तर नुसती खरखर. एस-मीटर (येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा काटा) नऊला चिकटलेला. शाळेतल्या एलईडी ट्यूबा, पंख्यांचे रेग्युलेटर, रस्त्यापलीकडं पिठाची गिरणी, सगळ्यांचा गोंधळ त्या तारेत उतरलेला. पोरांची तोंडं पडायला लागली. इतक्यात लाईट गेली. भारनियमनाची वेळच होती ती. गिरणी बसली, आतले पंखे थांबले, अन् मीटरचा काटा असा खाली आला की जणू कुणी तोंडावर हात ठेवला. खरखर संपली आणि तिच्या खालून एक माणूस निघाला. स्वच्छ. तमिळ वळणाच्या इंग्रजीत कॉलसाइन सांगत होता.

‘मामा, हे कोण बोलायलंय?’

‘कोइम्बतूरचा माणूस आहे. आठशे किलोमीटर.’

‘फोन लावला काय?’

‘फोन नाही, टॉवर नाही. ही आपली तार, ती त्याची तार, मधी आभाळ.’

मी उत्तर दिलं. माझा आवाज त्याला ‘फाइव्ह सेव्हन’, म्हणजे अगदी स्पष्ट, येत होता. मी म्हटलं, इथं शाळेतली लेकरं ऐकायलीत. तो थोडा थांबला आणि म्हणाला, ‘नमस्कार बच्चा लोग.’ एवढंच. त्या सात लेकरांचे चेहरे मी अजून विसरलो नाही. भाषणाच्या खोलीतनं बाकीची पोरं खिडक्यांतून बाहेर उड्या टाकायला लागली.

तेवढ्यात ती गोफणवाली पोरगी म्हणाली, ‘लाईट गेल्यावर रेडिओ चांगला कसा काय चालायला?’

सर, ह्याहून चांगला प्रश्न मी दहा वर्षांत ऐकला नाही. नॉइज फ्लोअर (मागची कायमची खरखर), क्यूआरएम (दुसऱ्यांचा अडथळा), स्विचिंग सप्लाय (खरखर पसरवणारी विजेची उपकरणं), सगळं त्यात आलं. मी तोंड उघडणार तोवर अप्पा मागनं आले अन् म्हणाले, ‘आधी ए टू झेड मोर्स पाठ करायचं, मग प्रश्न विचारायचे. ज्याला मोर्स येत नाही तो हॅम नाही.’

पोरगी गप्प झाली. मीही गप्प बसलो, गुरू माणूस म्हणून. ते मला आजही टोचतं.

त्या दिवशी चौदा लेकरांनी नाव दिलं. अप्पांनी अट घातली की दर रविवारी आधी मोर्सचा वर्ग, सेटला हात नंतर. तिसऱ्या रविवारी दोन उरले. त्यात ती पोरगी नव्हती. मग जीपमध्ये, दुकानात, फोनवर आमचं एकच भांडण. ते म्हणतात चाळणी लावायला पाहिजे, नाहीतर कुणीही येतं. मी म्हणतो येऊ द्या की कुणीही, आपल्या आख्ख्या जिल्ह्यात बोटांवर मोजण्याएवढे हॅम, चाळणी कसली लावायलाव? अहो, आता नियमच असा आहे की रिस्ट्रिक्टेड ग्रेडला मोर्स लागत नाही आणि बारा वर्षं पूर्ण झालेलं लेकरू परीक्षेला बसू शकतं. सरकार जिथं दार उघडून बसलंय तिथं आपण उंबऱ्यात काठी घेऊन कशाला उभं राहायचं? आणि त्याच्या वरच्या जनरल ग्रेडलाही आता मोर्सचे मिनिटाला आठच शब्द. ‘आम्ही बारानं पास झालो’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की तेच मला मोर्समध्ये पाठवता येईल.

तुमचा प्रश्न राहिलाच. पंधरा हजारांत सेट म्हणाल तर सध्या पाठवायचा सेट नको, ऐकायचा घ्या. एसएसबी (हॅम ज्या पद्धतीनं बोलतात ती) लागेल असा साधा शॉर्टवेव्ह रिसीव्हर काही हजारांत मिळतो. घरातल्या नेहमीच्या रेडिओवर हॅमचं बोलणं बदकासारखं ऐकू येतं, तो फसून घेऊ नका. त्याच्याही आधी, फुकटात, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर (इंटरनेटवरून फिरवता येणारा रेडिओ) मोबाईलवर उघडून द्या, लेकरं स्वतः बँड फिरवतील. एखादं एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) घ्या. अंतराळ स्थानक डोक्यावरून जातं तेव्हा १४५.८०० मेगाहर्ट्झवर कधी कधी चित्रं पाठवतात, ती मोबाईलवर उतरवता येतात. परवाने आले की मग हैदराबादच्या अशहर फरहान यांच्या बिटएक्स ह्या घरी जोडायच्या सेटचं किट जोडायला घ्या. त्यांनी मूळ डिझाइनमध्ये टोरॉइड (तार गुंडाळायचं कडं) मिळाला नाही तर नळाच्या वॉशरवर तार गुंडाळली होती, हे लेकरांना आवर्जून सांगा. थोडे पैसे गाडीभाड्याला बाजूला ठेवा. परीक्षेचा अर्ज सरकारच्या सरल संचार वेबसाइटवर भरता येतो, पण परीक्षेला मुंबई, नागपूर नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं.

आता अप्पांच्या बाजूनंही दोन ओळी लिहितो, नाहीतर उद्या दुकानात येतील. उरलेल्या त्या दोघांतला एक मुलगा वर्षभर रोज संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून डा-डि-डा-डिट, डा-डा-डि-डा बडवत होता. मागच्या वर्षी तो जनरल ग्रेड पास झाला. माझा आवाज जिथं विरून जातो तिथं त्याचं पाच वॅटचं मोर्स पोचतं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. मोर्स वाईट नाही. दाराशी ठेवलं की वाईट.

आणि हे वर सांगायला पाहिजे होतं, तार टांगताना महावितरणच्या तारेच्या जवळपासही जाऊ नका, दोरी तुटून उडाली तर कुठं पडेल ते आधी बघा. वळवाच्या दिवसांत लांब कुठं जरी चमकलं तरी कोएक्स सेटमधनं काढून खिडकीबाहेर टाका.

उदगीरला आलात तर डायपोल मी करून देतो, वाइंडिंगची तार दुकानात पडलेलीच असते. गोफण मात्र तुमची तुम्ही आणा. माझी मुख्याध्यापकांनी त्याच दिवशी जप्त केली, ती अजून त्यांच्या कपाटात आहे.