कोर्टाची पायरी : सरकारी वकील नेमके कोणाचे?

गेल्या अंकात फौजदारी खटल्यातल्या सरकारी वकिलाच्या कामाबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. सावंतवाडीपासून अलिबागपर्यंतची पत्रं आली, त्यांतली काही चांगलीच तिखट होती. उत्तरं कोकणातल्या फौजदारी कोर्टांत काम करणाऱ्या वकिलांच्या गटाने दिली आहेत. एक खुलासा आधीच करतो. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते, त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिताच. खालचे कलम क्रमांक नव्या कायद्यांतले आहेत : ११५ ते ११७ न्याय संहितेतले, ६३ आणि १५७ भारतीय साक्ष अधिनियमातले, बाकीचे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतले. खाली ‘नवी संहिता’ म्हटलंय ती हीच शेवटची.

गडग्यावरून भावकीत मारामारी झाली, वडिलांचा हात मोडला. खटला तालुक्याच्या कोर्टात आहे. सरकारी वकिलांना भेटायला दोनदा गेलो, तर “तारखेला या” एवढंच उत्तर मिळालं. त्यांची फी किती असते? की आम्ही आमचा वेगळा वकील द्यावा?
— वाचक, देवगड

फी शून्य. कुणी मागितली तर देऊ नका आणि गप्पही बसू नका.

सरकारी वकील तुमचे वकील नाहीत. पोलिसांचेही नाहीत. खटला ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’ असा चालतो. त्यात वडील फिर्यादी असले तरी सरकारी वकिलांच्या कागदावर ते ‘साक्षीदार क्रमांक १’ आहेत. भावकीच्या भांडणात बहुधा समोरच्यांनीही फिर्याद दिलेली असते. असे परस्परविरोधी खटले एकाच न्यायाधीशांपुढे लागोपाठ चालवायचे असतात, पण एकातला पुरावा दुसऱ्यात वाचता येत नाही. तालुक्याला बऱ्याचदा सरकारी वकील एकच. म्हणजे सकाळी ते तुमच्या वडिलांची साक्ष घेतील आणि दुपारी तुमच्या चुलत्यांची, दोन्ही वेळा शासनातर्फेच. “आमचे वकील समोरच्यांशी बोलत होते” या तक्रारीचं मूळ पुष्कळदा इथे असतं.

भेटीचं म्हणाल तर साक्षीच्या तारखेला कोर्ट सुरू होण्याआधी अर्धा तास जा आणि पोलीस ठाण्याचा पैरवी अंमलदार गाठा. खटल्याचे कागद त्याच्याकडे असतात. साक्षीदाराला स्वतःचा जबाब वाचायला देऊन आठवण ताजी करायला हरकत नाही. उत्तरं पढवायला मात्र आहे. उलटतपासणीत “आज साक्षीपूर्वी सरकारी वकिलांना भेटलात ना?” हा प्रश्न ठरलेला असतो. भेटले असतील तर वडिलांनी सरळ “हो” म्हणावं. त्यात लपवण्यासारखं काही नसतं, पण “नाही” म्हटलं आणि कोर्टाच्या आवारातच कुणी पाहिलेलं असलं, की अडचण उभी राहते.

तुम्हाला करता येण्यासारखं खरं काम वेगळंच आहे. हाड मोडलं असेल तर ती कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत, शिक्षा ११७(२) खाली. पण दाखल्यावर डॉक्टरांनी ‘अस्थिभंग’ लिहिलं म्हणून तो शाबीत होत नाही. एक्स-रेची प्लेट लागते, तिच्यावर नाव आणि तारीख लागते, ती वाचणारा डॉक्टर लागतो. जखमी आधी ग्रामीण रुग्णालयात जातो, तिथून जिल्हा रुग्णालयात, आणि शेवटी घरचे त्याला कोल्हापूरला खासगीत नेतात. प्लेट तिसऱ्या ठिकाणी निघते आणि दोषारोपपत्रात दाखला पहिल्या ठिकाणचा लागतो. मग ११७(२) घसरून ११५(२) वर, म्हणजे साध्या दुखापतीवर येतं. प्लेट आणि डिस्चार्ज कार्ड तुमच्या कपाटात असेल तर तपासी अंमलदाराकडे लेखी अर्जासोबत द्या आणि पोच घ्या. दुसरं, कोयता किंवा दांडा जप्त असेल तर तो साक्षीच्या दिवशी कोर्टात हवा. तो डॉक्टरांना दाखवून “ही जखम या हत्याराने होऊ शकते का?” हे विचारावं लागतं. मुद्देमाल आणलाच नाही म्हणून हा प्रश्न राहून गेला, तर युक्तिवादाच्या वेळी त्याचा उपयोग आरोपीलाच होतो. डॉक्टरांची बदली झाली असेल तर नव्या संहितेच्या कलम ३३६ खाली त्या जागेवर आलेल्या डॉक्टरांकरवी कागद शाबीत करता येतो. कोकणातल्या सरकारी दवाखान्यांत डॉक्टर फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे या कलमाची इथे गरज जास्त.

वेगळा वकील देता येतो. कोर्टाच्या परवानगीने तो सरकारी वकिलांना मदत करतो, त्यांच्या सूचनेनुसार चालतो आणि पुरावा संपल्यावर परवानगी घेऊन लेखी युक्तिवाद देतो. खटला मात्र सरकारी वकीलच चालवतात. नुसती मारामारी असेल तर या खर्चाचा विचार दोनदा करा.

गोवा बनावटीच्या दारूची गाडी पकडल्याची बातमी येते आणि काही वर्षांनी आरोपी निर्दोष सुटल्याची. पकडलेला माल डोळ्यांसमोर असताना हे होतंच कसं? सरकारी वकील काय करतात?
— वाचक, सावंतवाडी

माल डोळ्यांसमोर असतो तो बांद्याच्या नाक्यावर. कोर्टासमोर असतो कागद, आणि एक-दोन सीलबंद बाटल्या. नाक्यावरची बाटली आणि प्रयोगशाळेतली बाटली एकच, हे सरकारी वकिलांना कडी-कडीने जोडून दाखवावं लागतं.

पहिली कडी पंचनामा. खोकी किती, प्रत्येक खोक्यात बाटल्या किती, कोणत्या नावाच्या, किती मिलीच्या, बॅच क्रमांक काय. दुसरी कडी नमुना. प्रत्येक प्रकारातून बाटली काढून तिला पंच आणि अधिकाऱ्याच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, आणि त्या सीलचा ठसा पंचनाम्यावरही. तिसरी, मुद्देमाल रजिस्टरमधली नोंद. चौथी, नमुना घेऊन जाणारा शिपाई आणि प्रयोगशाळेची पोचपावती. पाचवी, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, म्हणजे कोर्टाच्या बोलीत सी.ए. रिपोर्ट. त्यात ‘सील शाबूत, ठशाशी जुळते’ हे वाक्य असायला हवं.

यातल्या जागा कुठे निसटतात? पंचनाम्यात १८० मिलीची बाटली काढल्याचं लिहिलेलं असतं आणि प्रयोगशाळेला पाठवलेल्या पत्रात ७५० मिली. नमुना जप्तीनंतर तीन आठवडे पोलीस ठाण्यात पडून राहतो आणि त्या काळात तो कुणाच्या ताब्यात होता हे सांगणारा कारकून साक्षीदारांच्या यादीतच नसतो. घेऊन जाणाऱ्या शिपायाचंही तेच. आणि आपल्याकडचा पाऊस! जून ते सप्टेंबर मुद्देमाल खोलीत ओल धरते, कागदी लेबलाला बुरशी लागते, शाई पसरते. साक्षीत बाटली दाखवली तर पंच म्हणतो, “सही माझी आहे असं सांगता येणार नाही.” तो खोटं बोलत नसतो, सही खरंच दिसत नसते. लेबलावर पारदर्शक चिकटपट्टी आणि वर प्लॅस्टिकची पिशवी, एवढ्याने हे टळतं.

पंच हा स्वतंत्रच विषय आहे. नाक्याजवळच्या टपरीवरचा तोच माणूस दहा पंचनाम्यांत पंच असेल तर बचावाचे वकील ते दहाही कागद काढून ठेवतात. पंच फितूर झाला तर सरकारी वकील साक्ष अधिनियमाच्या कलम १५७ खाली परवानगी घेऊन त्यालाच उलटतपासणीसारखे प्रश्न विचारतात. निदान सही त्याचीच, जागा तीच, तारीख तीच एवढं वदवून घेतलं तरी पुढे अधिकाऱ्याच्या साक्षीला आधार मिळतो. पंच फुटला म्हणून खटला पडलाच असं कायदा म्हणत नाही. अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते. पण ‘विश्वासार्ह’ ठरायला वरच्या कड्या शाबूत लागतात.

नव्या संहितेने दोन गोष्टी चांगल्या केल्या. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरण करून ते विलंब न लावता दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. कलम ४९७ प्रमाणे मुद्देमाल कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचं वर्णनपत्र तयार करायचं, फोटो काढायचे आणि पुढच्या ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. हे वर्णनपत्र आणि फोटो पुराव्यात चालतात, त्यामुळे खोकी वर्षानुवर्षं रचून ठेवायला नकोत. चित्रीकरणाची गोम अशी की त्याला कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक उपकरण हाताळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलवरून निघणारा तिचा ओळख-क्रमांक, त्यात लिहावी लागते. अंमलदाराने चित्रफीत मोबाइलवरून दुसऱ्या मोबाइलला व्हॉट्सअ‍ॅपने धाडली आणि मूळ पुसून टाकली, तर पाठवताना फाइल दाबली जाते, हॅश बदलते आणि मूळची म्हणून ती दाखवता येत नाही. दोषारोपपत्र कोर्टात जाण्यापूर्वी सरकारी वकिलांच्या नजरेखालून जातं तेव्हा पकडायच्या त्या या गोष्टी. अर्थात त्यांचं मत हा सल्ला असतो. तपास कसा संपवायचा हे पोलीसच ठरवतात.

महामार्गावरच्या अपघातात भाऊ गेला. ट्रक जागेवरच सापडला, तरी चालक सुटला. “ओळख पटली नाही” म्हणजे काय?
— वाचक, संगमेश्वर

ट्रक सापडणं वेगळं आणि तो कोण चालवत होता हे शाबीत होणं वेगळं. मुंबई–गोवा महामार्गावर अपघात झाला की चालक बऱ्याचदा पळतो आणि नंतर ठाण्यात हजर होतो. साक्षीदाराने त्याला पाहिलेलं नसतं. जबाबात नाव असतं ते पोलिसांनी सांगितलेलं. साक्षीत “आरोपीला ओळखता का?” म्हटल्यावर तो गप्प. यावर उपाय म्हणजे ट्रकमालकाचा जबाब आणि त्या दिवशी गाडी कुणाच्या हाती दिली होती याचा कागद, पण मालक साक्षीदार म्हणून घेतलेलाच नसतो. “गाडी भरधाव होती” हे शब्दही पुरत नाहीत, तो साक्षीदाराचा अंदाज असतो. हयगय दिसते ती ब्रेकच्या खुणांच्या लांबीतून, गाडी रस्त्याच्या कुठल्या बाजूला थांबली यातून, आरटीओच्या तपासणी अहवालातून. म्हणून घटनास्थळाच्या पंचनाम्यासोबत मोजमापासह नकाशा असावा लागतो.

मी चाकरमानी. गावी शिमग्याला आलो असताना एका पंचनाम्यावर सही केली. आता समन्स आलंय. नाही गेलो तर? आणि भाडं कोण देणार?
— वाचक, मूळ गाव राजापूर, सध्या दिवा

नाही गेलात तर आधी जामीनपात्र, मग अजामीनपात्र वॉरंट निघू शकतं. तारीख जमत नसेल तर समन्सवर ज्या ठाण्याचं नाव आहे तिथल्या पैरवी अंमलदाराला आधीच कळवा; आदल्या रात्री नव्हे. दृक्‌श्राव्य पद्धतीने साक्ष देण्याची सोय नव्या संहितेत आहे, ती मागता येते. साक्षीदार भत्त्यासाठी साक्ष संपताच कोर्टाच्या कारकुनाकडे अर्ज करा, तिकीट जोडा. आणि न पाहिलेली गोष्ट पाहिली म्हणू नका. “आठवत नाही, पंचनामा दाखवावा” असं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

जामिनाला सरकारी वकिलांनी विरोधच केला नाही. त्यांना कुणी गप्प केलं?
— वाचक, गुहागर

शक्यता नाकारत नाही, पण आधी तारखा मोजा. जामीन अर्जावर सरकारी वकील लेखी म्हणणं देतात, त्याला सगळे ‘से’ म्हणतात. तो बहुतेक तपासी अंमलदाराच्या कागदांवर उभा असतो. ६० दिवसांत, किंवा मृत्युदंड, जन्मठेप वा १० वर्षं व त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवसांत, दोषारोपपत्र आलं नाही आणि आरोपी जामीन द्यायला तयार असेल, तर तो त्याचा हक्क होतो. ६१ व्या दिवशी सरकारी वकिलांनी कितीही आवाज चढवला तरी फरक पडत नाही.

वकिलीला सहा वर्षं झाली. सरकारी वकील व्हायचंय. मार्ग कोणता, आणि रोजचं काम काय?
— वाचक, खेड

मार्ग दोन, आणि लोक ते एकमेकांत मिसळतात. दंडाधिकारी कोर्टात उभे राहतात ते सहायक सरकारी अभियोक्ता, बोलीत ए.पी.पी. हे पद लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरलं जातं आणि अभियोग संचालनालयाच्या अखत्यारीत येतं. एकेकाळी महाराष्ट्रात हे अभियोक्ते पोलीस खात्याच्या हाताखाली होते. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये शहाणे खटल्यात ते तोडायला लावलं. सत्र न्यायालयात उभे राहतात ते सरकारी व अतिरिक्त सरकारी अभियोक्ते. त्यांना किमान सात वर्षांची वकिली लागते, जिल्हा दंडाधिकारी सत्र न्यायाधीशांशी सल्लामसलत करून नावांची यादी करतात. ती मुदतीची नेमणूक आहे, नोकरी नव्हे.

दिवस असा जातो : आधी रिमांड आणि जामीन, मग साक्षी. साक्षीदारांचा क्रम साधारण फिर्यादी, प्रत्यक्षदर्शी, पंच, डॉक्टर आणि शेवटी तपासी अंमलदार. तो शेवटी असण्याला कारण आहे. साक्षीदार कोर्टात जे नवं बोलला किंवा जबाबाहून वेगळं बोलला, ते जबाबात होतं की नव्हतं हे जबाब लिहिणाऱ्याकडूनच शाबीत होतं. म्हणून प्रत्येक खटल्याचा एक पानी तक्ता करा : साक्षीदार कोण, त्याने काय शाबीत करायचं, कुठल्या कागदाला निशाणी, म्हणजे पुराव्यातला क्रमांक, पाडून घ्यायची. निशाणी पडायची राहिलेला कागद निकालात वाचला जात नाही. फेरतपासणी, म्हणजे उलटतपासणीनंतर आपल्याच साक्षीदाराला पुन्हा प्रश्न, मोजक्याच वेळा घ्या. उलटतपासणीत धूसर राहिलेली गोष्ट फेरतपासणीत विचारून आरोपीच्या बाजूने पक्की करणारे अभियोक्ते पुष्कळ आहेत.

राजकीय आंदोलनातला खटला सरकार मागे घेऊ शकतं का?
— वाचक, अलिबाग

अर्ज सरकारी वकिलांनी स्वतःच्या बुद्धीने विचार करून द्यायचा, कोर्टाने परवानगी द्यायची, आणि आता कलम ३६० प्रमाणे पीडित व्यक्तीचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती देता येत नाही.

आरोपी निर्दोष सुटला. अपील सरकारी वकील करतात की आम्ही?
— वाचक, लांजा

दोघांनाही मार्ग आहे. दंडाधिकाऱ्यांच्या निकालाविरुद्ध, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल तर, जिल्हा दंडाधिकारी सरकारी अभियोक्त्यांना सत्र न्यायालयात अपील करायला सांगू शकतात. खटला चालवणाऱ्या सरकारी वकिलांचं मत त्यात वजनदार असतं, पण निर्णय त्यांचा नसतो. पीडित व्यक्तीला कलम ४१३ खाली स्वतःचा अपिलाचा हक्क आहे, तो शासन काय करतं यावर अवलंबून नाही. सत्र न्यायालयाच्या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात जावं लागतं. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी ते १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे, रायगडकरांसाठी मुंबईलाच. दोन्हीकडे निकालाची प्रमाणित प्रत लागते आणि ती मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वजा होतो. पण वजावट सुरू होते ती नकलेचा अर्ज केलेल्या दिवसापासून. म्हणून निकाल ऐकून घरी जाण्याआधी नक्कल विभागात अर्ज टाका आणि अर्जाचा क्रमांक लिहून घ्या.