पित्ताशयाच्या एक्स-रेआधी रात्री सहा गोळ्या कशाला द्यायचे?

तुमच्या आईच्या १९८५च्या फाइलीत 'रात्री बिनतुपाचं जेवण, मग सहा गोळ्या, सकाळी एक्स-रे' असं आहे आणि खाली 'पित्ताशय दिसले नाही'. गोळ्या कशाला आणि तपासणी फुकट गेली का, असं तुम्ही विचारलंय. मी लिहायला बसले ती दुसऱ्या प्रश्नासाठी. फुकट अजिबात जात नाही. हे तेव्हा कुणीतरी आमच्या माजघरात मोठ्यांदा म्हणायला हवं होतं.

आमचं घर सांगलीत, गावभागात. १९८४ साली सासूबाईंना उजव्या बरगडीखाली कळा सुरू झाल्या आणि तपासणी मिरजेत ठरली. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालेलं, स्वयंपाक माझ्याकडे. मऊ भात, बिनफोडणीचं वरण, भाजलेला पापड. तुपाचं भांडं फडताळातून खालीसुद्धा काढलं नाही. जेवणानंतर घड्याळ समोर ठेवून दर पाच मिनिटांनी एक गोळी पाण्याबरोबर दिली. रात्री त्यांना दोनदा जुलाब झाले, ते या गोळ्यांनी बऱ्याच जणांना होतात. सकाळी फिल्मवर पित्ताशयाच्या जागी काही म्हणजे काही नाही. साताऱ्याहून आलेल्या वन्सं तिथेच बाकावर बसून म्हणाल्या, "हिचा तुपाचा हात सैल आहे. घातलं असेल सवयीनं." सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला ते जास्त लागलं.

पुढे मी शाळेत २८ वर्षं विज्ञान शिकवलं, पचनसंस्थेचा धडा आला की ते बाकडं आठवायचं. बहुतेक पित्तखड्यांत कॅल्शियम इतकं कमी असतं की साध्या एक्स-रेत शंभरातले दहा-वीसच दिसतात. म्हणून एक्स-रे अडवणारं आयोडीन गोळीतून द्यायचं. आयोपॅनोइक आम्ल या आयोडीन असलेल्या औषधाच्या ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, म्हणजे ३ ग्रॅम. ते आतड्यातून रक्तात जातं, यकृत ते पित्तात सोडतं, आणि पित्ताशय त्या पित्तातलं पाणी शोषून घेतं, बासुंदी आटवावी तसं. आयोडीन दाट झालं की पिशवी फिल्मवर पांढरी उठते आणि खडे तिच्यात काळ्या भोकांसारखे दिसतात. याला दहा-बारा तास लागतात म्हणून आदली रात्र. तूप वर्ज्य, कारण स्निग्ध काही पोटात गेलं की पित्ताशय आकसून साठवलेलं सगळं ओतून देतं. (पित्ताशय नीट दिसलं की मग मुद्दाम अंडी किंवा सायीचं दूध देऊन ते आकसतं का तेही बघायचे. आमची गाडी तिथवर गेलीच नाही.)

गंमत म्हणजे हा शोधही उपाशीपोटीच लागला. अमेरिकेत सेंट लुईसला ग्रॅहम आणि कोल १९२४च्या सुमारास कुत्र्यांना असलं द्रव्य टोचून बघत होते, आणि काही दिसेना. एका कुत्र्याचं पित्ताशय तेवढं उमटलं. चौकशी केली तर सांभाळणारा त्या दिवशी त्याला खायला घालायला विसरला होता, असं सांगतात. त्या विसरभोळ्या माणसाचं कौतुक झालं असेल. मी काहीही न विसरता शिव्या खाल्ल्या.

दुसऱ्या रात्री पुन्हा गोळ्या. या वेळी वन्सं स्वतः चुलीपाशी उभ्या, नुसती पेज. सकाळी फिल्म तशीच कोरी! दोन वेळा औषध देऊनही पित्ताशय दिसत नसेल तर ते बहुधा आजारी आहे, हाच तो रिपोर्ट. पोट उघडलं तर खडा पित्ताशयाच्या नळीच्या तोंडाशी रुतलेला. वाटच बंद असेल तर आयोडीन आत जाणार कुठून? तूप घातलं असतं तरी तेच, नसतं तरी तेच. आणि खरं सांगायचं तर पहिल्या रात्री वन्संनीच आणलेल्या कंदी पेढ्यांच्या डब्यातला एक पेढा सासूबाईंच्या तोंडात गेलेला मी पाहिला होता. बोलले नाही. पेढ्याचाही दोष नव्हता म्हणा.

तेव्हा तुमच्या आईच्या फाइलीत दुसऱ्या दिवशीचा एक्स-रे आहे का ते आधी शोधा. एकदाच काढला असेल तर मात्र त्यावरून काही ठरवू नका: उलटी, जुलाब, गोळ्या चुकवणं, काहीही कारण असू शकतं. कावीळ असेल तर यकृत ते द्रव्य पित्तात नीट सोडतच नाही, मग ही तपासणी चालत नाही. मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही, हेही लक्षात घ्या. आता सोनोग्राफीने हे सगळं मिनिटांत दिसतं आणि या गोळ्या कुणी देत नाही. उपाशी मात्र अजूनही जावं लागतं.

गेल्या वर्षी वन्संची साताऱ्यात सोनोग्राफी होती. आदल्या संध्याकाळी फोन आला, रात्री वरणभातावर तूप चालेल का गं? म्हटलं, डॉक्टरांना विचारा.