ऑटिझम असलेल्या मुलांचं अंग कायम गरम असतं का? त्यांना ऊन-थंडी कळत नाही का?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा नऊ वर्षांचा आहे, एप्रिलच्या उकाड्यातही स्वेटर काढत नाही, अंघोळीचं कोमट पाणीसुद्धा भाजतंय म्हणून ओरडतो, आणि कपाळाला हात लावला की गरम लागतं पण थर्मामीटर नॉर्मल दाखवतो. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, सब्जा द्या. द्या की, सब्जानं काही बिघडत नाही. पण स्वेटर त्यानं निघायचा नाही.

मी डॉक्टर नाही. स्वतः ऑटिस्टिक आहे, निदान मोठेपणी झालं, आणि कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपचे हिशेब बघतो. डोक्यावर पत्रा. त्या पत्र्याखाली मे महिन्यात मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्याचं बटण लावून बसतो. कामगार पोरं हसतात. आई सकाळी निघतानाच म्हणते, "उघड की रे ते बटण, उकडून मरशील." पण टेबलावरचा फिरता पंखा इकडं वळला की त्याचा वारा मानेवर येतो, जातो, परत येतो, आणि दर वेळी माझी मान आक्रसते, रकाना चुकतो. त्यापेक्षा घाम परवडला. तुमच्या मुलालाही स्वेटरची ऊब नको असेल, त्याचा दाब आणि झाकलेपण हवं असेल. अंगाला घट्ट बसणारा सुती बनियन किंवा पातळ पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट देऊन बघा. स्वेटर ओढून काढू नका, तो दुसऱ्या दिवशी जास्तच घट्ट धरेल.

आता तापमानाचं. ऑटिझम आहे म्हणून अंगाचं तापमान कायम जास्त असतं, असं सिद्ध झालेलं नाही. शिवाय ९८.६ फॅरनहाइट हा आकडाच मुळात सरासरी आहे, १८६८ साली वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं मांडलेला. निरोगी माणसाचं तापमान दिवसभरात सुमारे अर्धा अंश सेल्सियस वरखाली होतं, पहाटे कमी, संध्याकाळी जास्त. हातानं कळते ती फक्त कातडीची उष्णता, आणि तुम्ही नुकती भांडी घासून गार हातानं आला असाल तर कुणाचंही कपाळ गरमच लागणार. स्वेटरमधल्या पोराचं तर हमखास.

वेगळं असतं ते जाणवणं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या निदानाच्या अमेरिकन नियमावलीत संवेदनांना जास्त किंवा कमी प्रतिसाद हा ऑटिझमचा निकष धरलाय, आणि उदाहरणांत वेदना व तापमानाकडे दुर्लक्ष होणं चक्क लिहिलेलं आहे. उपकरणं लावून केलेले अभ्यास मात्र एकसुरात बोलत नाहीत. २००८ च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांना दुखेल इतकी उष्णता नि थंडी इतरांपेक्षा लवकर बोचली. पुढच्या एका अभ्यासात गरम-गार ओळखण्याची सरासरी इतरांसारखीच निघाली, पण ज्यांची उत्तरं दर खेपेला जास्त बदलत होती त्यांची ओळखही तितकीच ढिली होती. मला हे दुसरं पटतं. तोच चहा, तोच कप. कधी उकळता घोट घेतो आणि संध्याकाळी टाळू सोललेली सापडते, कधी ओठाला लावता येत नाही.

कातडीतली यंत्रणा साधारण सगळ्यांची एकच. मिरचीतलं तिखट द्रव्य कॅप्सेसिन ज्या ग्राहीला (नसांच्या टोकांवरच्या, संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, तोच ग्राही ४३ अंश सेल्सियसच्या आसपास चटक्याची वर्दी देतो, म्हणून तर तांबड्या रश्श्यानं तोंड पेटतं. या शोधासाठी डेव्हिड ज्युलियसना २०२१ चं नोबेल मिळालं (अर्डेम पटापूटियन यांच्यासोबत विभागून). पुढचं काम मेंदूचं: आलेली वर्दी किती मोठी मानायची, आणि 'मला उकडतंय, तहान लागलीय' हे आतून ओळखायचं. वर्कशॉपच्या भाषेत सांगायचं तर आमच्याकडं माल गेटवर वेळेत येतो, पण इनवर्डच्या वहीत नोंद कधी उशिरा होते, कधी दुप्पट.

म्हणून 'लागलं तर मागेल' यावर अवलंबून राहू नका. पाणी घड्याळ बघून द्या. अंघोळीला बंबाचं पाणी अंदाजानं कालवण्यापेक्षा बादलीत थर्मामीटर टाका (पाण्याचा, तापाचा नव्हे), ३६-३७ अंशांपासून सुरुवात करा आणि आकडा त्यालाच वाचू द्या. आमच्यापैकी बऱ्याच जणांना आकड्याचा आधार वाटतो. तांब्या डोक्यावर एकदम उपडा करू नका. पायापासून वर या, तांब्या त्याच्याच हातात द्या. आणि गॅसवरून उतरलेलं भांडं त्याच्या हाताशी ठेवू नका, चटका उशिरा कळणारं मूल हात उशिरा काढतं.

खऱ्या तापाचं एक विचित्र आहे. काही ऑटिस्टिक मुलं तापात जास्त शांत, जास्त बोलकी होतात असं पालक सांगत आलेत. २००७ साली 'पेडिअॅट्रिक्स' या बालरोगांवरच्या नियतकालिकात यावर अभ्यास आला, त्यात ताप असलेल्या ३० मुलांची नोंद होती. सगळ्यांचं असं होत नाही आणि कारण पक्कं नाही. पण मूल आज फारच गुणी वागतंय म्हणून ताप नसेल, असं धरू नका.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं: तो कुठली औषधं घेतो ते तुम्ही लिहिलेलं नाही. चिडचिडीसाठी दिलं जाणारं रिस्पेरिडोन शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करू शकतं. फिटसाठीचं टोपिरामेट काही मुलांचा घाम कमी करतं, आणि घाम आटला की अंग निवायचा मुख्य रस्ताच बंद. यातलं काही चालू असेल तर स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, "उन्हाळ्यात यानं घाम कमी होतो का?" चैत्रात जोतिबाला न्यायचं ठरत असेल तर त्याआधीच विचारा, तिथलं ऊन नि गर्दी धडधाकट माणसालाही बसवते. घाम त्याला लहानपणापासूनच येत नसेल, बोलणं फार कमी आणि स्नायू ढिले असतील, तर जनुकीय तपासणीचाही विषय काढा. फेलन-मॅकडर्मिड नावाच्या सिंड्रोममध्ये ही लक्षणं एकत्र दिसतात.

आणि उन्हातून आल्यावर तो लालबुंद, सुस्त, गोंधळलेला दिसला किंवा ओकला, तर तेव्हा मात्र स्वेटरची समजूत काढत बसू नका. काढाच, सावलीत घ्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि लगेच दवाखाना गाठा. अंगात घाम आहे का नाही हे बघत थांबू नका.