वही त्याने स्वतः आणून दिली

प्रिय मावशी,
आम्ही वेंगुर्ला तालुक्यातले. मिस्टर बोटीवर असतात. घरी सासूबाई, मी आणि दहा वर्षांचा मुलगा. त्याला मोबाइलवर पोकेमॉनचा, म्हणजे चित्रविचित्र प्राणी पकडायच्या गेमचा, नाद होता. आमच्या सत्संगात एका ताईंनी सांगितलं की ते प्राणी म्हणजे आसुरी शक्ती, मुलांच्या अंगात शिरतात. सासूबाई हादरल्या. मी गेम काढून टाकला. तो स्वतःही वहीत नवेनवे प्राणी काढायचा, पंखवाला कुर्ला म्हणजे खेकडा, पाय फुटलेला बांगडा. ती वहीही त्याने आपणहून आणून दिली आणि सासूबाईंनी न्हाणीच्या चुलीत घातली. आता अगदी शांत झालाय, रात्री माझ्याजवळच झोपतो. एवढं पुरे, की देवळात कौल लावून घ्यावा?

अगं, गेमचं नंतर बघू. आधी वहीचं. दहा वर्षांचा मुलगा स्वतःच्या हाताने काढलेली चित्रं जाळायला आणून देतो, आणि तू ते एका ओळीत उरकतेस! वर तो सुधारल्याची खूण म्हणून. तो सुधारलेला नाही, घाबरलाय. पंखवाला कुर्ला गेममधला नव्हता, त्याच्या डोक्यातला होता. असे प्राणी अंगात शिरतात म्हटल्यावर त्याने काय समजायचं? आपल्यातच काहीतरी वाईट शिरलंय, हेच ना? म्हणून तो तुला चिकटून झोपतो. ही शांतता मला अजिबात आवडलेली नाही.

सत्संगातल्या ताईंवर आणि सासूबाईंवर ढकलू नकोस. चुलीपाशी तू उभी होतीस आणि गप्प राहिलीस.

हा गेम १९९६ मध्ये जपानमध्ये आला. तो रचणाऱ्या सातोशी ताजिरींना लहानपणी किडे पकडायचा नाद होता. पुढे शेतं-तळी बुजवून इमारती उठल्या. शहरातल्या मुलांनाही प्राणी शोधायची ती मजा मिळावी, म्हणून त्यांनी हा खेळ काढला. मग अमेरिकेतल्या काही पाद्र्यांना त्यात सैतान दिसला. २००१ मध्ये सौदी अरेबियाने बंदी घातली. तिथल्या धर्मगुरूंना जुगार आणि परधर्माची चिन्हं दिसली. २०१६ मध्ये आपल्याकडे गुजरात उच्च न्यायालयात याचिका गेली, की बाहेर फिरून खेळायच्या पोकेमॉन गोमध्ये देवळांच्या आवारात खेळातली अंडी मिळतात, त्याने भावना दुखावतात. आता तुमच्याकडे आसुरी शक्ती. ज्याला ज्याची धास्ती, त्याला ते त्यात सापडलं. तू कधी मुलाच्या शेजारी बसून तो काय खेळतो ते पाहिलं होतंस का?

आणि तू वेंगुर्ल्याकडची! आरवलीला वेतोबासमोर मुलाला कधी पाया पडायला लावलं असशीलच ना? वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा, पण आपल्याकडे तो गावाचा राखणदार. रात्री गावभर फिरतो म्हणून त्याला एवढाल्या चपला वाहतात, केळ्यांचे घड देतात. जत्रेत मध्यरात्र उलटल्यावर दशावतारातला राक्षस आरोळी ठोकत येतो, आणि मुलं पुढ्यात बसून डोळे फाडून बघतात. अशा गावात वाढलेल्या पोराला रंगीत चित्रांची बाधा होईल, हे तुला पटलं तरी कसं?

कौल लावू नकोस. देवापुढे नेलंस, की आपल्याला काहीतरी लागलंय अशी त्याची खात्रीच होईल. आज जेवणं झाली की त्याला जवळ घे आणि सासूबाईंच्या देखत सांग, ‘वही जाळली ते चुकलं माझं. तुझ्यात काही वाईट नाही आणि तुझ्या कुर्ल्यातही नव्हतं.’ खोलीत नेऊन कानात सांगू नकोस. वही दोघींसमोर जळली, तेव्हा चूकही दोघींसमोर कबूल व्हायला हवी. सासूबाई रुसतील. रुसू देत, त्यांची समजूत उद्या घालता येईल.

बाजारातून नवी वही आणि रंग आण. लगेच काढायला बसणार नाही तो; मागे लागू नकोस. मोबाइल किती वेळ द्यायचा ते तू ठरव, आईचा हक्कच आहे तो. अभ्यास झाल्यावर अर्धा तास म्हण, गेममध्ये पैसे घालायचे नाहीत म्हण, आणि ते पाळायला लाव. त्यात धर्माला ओढायची गरज नाही.

आणि बोटीवरून फोन येईल तेव्हा नवऱ्याला फक्त गेम काढला एवढंच सांगू नकोस. वहीचंही सांग.